रात्रीची गस्त पंधरा दिवसांत मोडते. तुमच्या गावात काय टिकलं?

कांदाचाळ (सिन्नर तालुका)

नमस्कार मंडळी. आमचं गाव साडेतीनशे उंबऱ्यांचं, त्यातली निम्मी घरं मळ्यांत विखुरलेली. दिवाळीपासून सात विहिरींवरच्या मोटारींची केबल गेली. चोर ती जाळून आतलं तांबं विकतात. आमचा खर्च होतोच, शिवाय पाण्याची पाळी हुकते. दोन घरांच्या शेळ्या गेल्या. मागच्या महिन्यात माझ्या चुलत्यांचं घर फुटलं. घरचे सगळे लग्नाला गेले होते. चोरांनी आधी शेजारच्या दोन्ही घरांना बाहेरून कड्या घातल्या, मग कुलूप तोडलं. शेजाऱ्यांना कटावणीचा आवाज येत होता, पण दार उघडेना.

त्यानंतर गस्त सुरू केली. पहिल्या रात्री तीस पोरं जमली, चहा झाला, शिट्ट्या वाजल्या. बाराव्या रात्री चौघं उरली. कोण आला, कोण नाही यावरून भांडण झालं आणि सगळं बंद पडलं. दिवसभर कांदा काढणारा माणूस रात्री किती दिवस जागणार, हेही खरंच आहे.

ग्रामसुरक्षा यंत्रणेत (एका नंबरवर फोन केला की नोंदलेल्या सगळ्यांना निरोप जातो ती) आमची पन्नास-साठच घरं नोंदलेली आहेत. मी या वेळी पहिल्यांदाच ग्रामपंचायतीचा सदस्य झालोय आणि हे काम मला मनापासून करायचं आहे. कुणाच्या गावात खरोखर चोर सापडला असेल तर नेमकं काय केलं ते सांगा. सल्ले खूप ऐकले. घडलेलं ऐकायचं आहे.

---

कालव्याकाठची (जुन्नर तालुका)

दादा, आमच्या वस्तीवर सापडला. मी घरातच होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची वस्ती गावठाणापासून दीड किलोमीटर, कुकडीच्या कालव्याला लागून. अकरा घरं. पूर्वी प्रत्येक दारात कुत्रं असायचं. दोन वर्षांत बिबट्याने चार नेली, उरलेली लोक रात्री घरात घेतात. त्यामुळे रात्री भुंकणारं कुणी नसतं. चोरांना हे कळलं असणार असं मला पक्कं वाटतं.

चैत्रात गावची यात्रा. संध्याकाळी सगळी वस्ती दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून छबिन्याला गेली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी त्यांच्यापाशी थांबले. धाकटे भाऊजीही वस्तीवरच होते, कारण त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती आणि उसाला पाणी सोडलेलं होतं. बाकी दहा घरांना कुलपं.

९ वाजून ४० मिनिटं झाली असतील. मागच्या गवताच्या पट्ट्यात टिटवी ओरडायला लागली. टिटवी बिबट्यालाही ओरडते, म्हणून मी आधी घाबरले ती त्याच विचाराने. मग दाराशी अगदी हलका, लोखंड घासल्यासारखा आवाज आला. दोन मिनिटं थांबून दार ओढून पाहिलं. बाहेरून कडी.

त्या क्षणी हातपाय गार पडले. ओरडावंसं वाटलं. पण ओरडून ऐकणार कोण? ऐकलं असतं तर फक्त चोरानेच. सासूबाई खाटेवरून माझ्याकडे बघत होत्या. मी हातानेच दाराकडे दाखवलं. त्यांनी टीव्हीकडे बोट केलं आणि मान हलवली, म्हणजे बंद करू नकोस. मालिका चालू होती ती तशीच ठेवली, आवाज वाढवला नाही की कमी केला नाही. दिवाही तसाच. सासूबाई रोजच्या सुरात म्हणाल्या, “अगं, गोळी राहिली का माझी? पाणी दे.” पंचाहत्तर वर्षांची ती बाई. तिचा आवाज जराही कापला नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन आधी भाऊजींना फोन केला. कुजबुजत म्हटलं, “दाराला कडी आहे, तुम्ही घराकडे येऊ नका, नुसतं लांबून बघा.” मग यंत्रणेचा टोल फ्री नंबर लावला. तो मी पाठ केलाय, आणि सगळ्यांनी करावा, कारण अशा वेळी फोनमध्ये नाव शोधताना बोटं चालत नाहीत. त्या नंबरवर बोललेलं आपल्याच आवाजात नोंदलेल्या सगळ्या फोनवर जातं. मी नाव सांगितलं, गाव, वस्ती, दाराला बाहेरून कडी आहे, शेजारी कुलूप तुटल्याचा आवाज आला. शेवटी म्हटलं, “घराकडे धावू नका, वाटा धरा.”

हे शेवटचं वाक्य मला सुचलं नव्हतं. ते ठरलेलं होतं. आधीच्या वर्षी शेजारच्या गावात चोरामागे पन्नास माणसं बॅटऱ्या घेऊन धावली आणि चोर त्यांच्यातलाच एक होऊन, “तिकडं गेला, तिकडं गेला” ओरडत निघून गेला. ते ऐकल्यावर आमच्या पोलीस पाटलांनी वस्तीवर बैठक घेतली. बाहेर पडायच्या वाटा मोजल्या. चारच निघाल्या: कालव्याचा भराव, ओढ्यावरची मोरी, डांबरी रस्त्याचा फाटा आणि उसामधून शिवेकडे जाणारी पाऊलवाट. प्रत्येक वाटेला घरं वाटून दिली. चोराच्या मागे कुणीही पळायचं नाही, आपापल्या वाटेवर जाऊन उभं राहायचं. एका रविवारी सगळ्यांनी जाऊन उभं राहूनही पाहिलं. पोरं हसली, पण उभी राहिली.

आता अडचण ऐका. यात्रेत ढोल-लेझीम चालू. फोन वाजले, पण ऐकू कुणाला येणार? थोरल्या जाऊबाई छबिन्याचं शूटिंग करत होत्या, म्हणून फोन हातात होता. त्यांनी उचलला आणि माझा आवाज ऐकून सरळ कमिटीच्या टेबलाकडे गेल्या. तिथे पोलीस पाटील बसले होते, आणि माइकवर देणगीदारांची नावं पुकारणं चालू होतं. माइकवर “चोर आलाय” म्हणायची सोय नव्हती, कारण तो भोंगा आमच्या वस्तीवर स्पष्ट ऐकू येतो.

पाटलांनी पुकारणाऱ्याच्या कानात सांगितलं आणि त्याने त्याच सुरात पुकारलं: “कालव्याकाठच्या वस्तीवरील देणगीदारांनी आपल्या पावत्या ताबडतोब टेबलावरून घेऊन जाव्यात.”

पावत्या सगळ्यांना सकाळीच मिळालेल्या. त्यामुळे आमचा प्रत्येक माणूस चमकला आणि टेबलाशी आला. मी घरात बसून ते पुकारणं ऐकलं आणि मला रडू फुटलं, कारण निरोप पोचल्याचं मला कळलं. बाहेरच्याला कळलं नाही. पाटलांनी ढोलवाल्यांनाही सांगितलं, काही झालं तरी थांबायचं नाही. ढोल थांबला असता तर तो सावध झाला असता.

इकडे भाऊजी उसाच्या कडेकडेने आले. भरावाखाली जांभळाच्या झाडाआड एक जुनी मोटारसायकल उभी दिसली. त्यांनी प्लगची टोपी उपटून खिशात टाकली आणि पुन्हा उसात जाऊन बसले. त्यांच्या हातात खोरं होतं, अंगात ताकदही आहे, पण ते पुढे गेले नाहीत. मला त्यांचं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

पौर्णिमेचं चांदणं होतं. ट्रॅक्टर दिवे न लावता आले. एक भरावावर आडवा, एक मोरीवर. फाट्यावर मोटारसायकली. पाऊलवाटेवर आमचे हे आणि तीन चुलत दीर. चोर दुसरं घर फोडून निघाला तेव्हा दहा-साडेदहा झाले होते. गाडीला किक मारत राहिला. पाच-सहा किका आम्ही घरातून मोजल्या. मग गाडी टाकून तो भरावावर चढला आणि ट्रॅक्टरचे दिवे लागले. मागे वळला तर मोरीवरचे लागले. तो तिथेच खाली बसला. पिशवीत आमच्या शेजारणीचे कानातले, एक पोत, देवघरातला चांदीचा करंडा आणि दोन मोबाईल.

एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्या मते पकडण्याइतकीच मोठी. लोक चिडलेले होते. एकाने त्याला थोबाडीत मारलीही. तेवढ्यात बचत गटाच्या आम्ही आठ-दहा बायका ट्रॉलीतून पोचलो (माझी कडी तोवर जाऊबाईंनी काढली होती) आणि त्याच्याभोवती कडं करून उभ्या राहिलो. जाऊबाई म्हणाल्या, “आता ज्याला मारायचंय त्याने आधी आम्हाला हात लावावा.” कुणी पुढे आलं नाही. वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता, घामाने निथळत होता. त्याला पाणी दिलं. ११२ ला फोन आधीच गेलेला होता. पोलिसांची गाडी यायला पाऊण तास लागला, तोवर आम्ही हललो नाही.

---

निवृत्त हवालदार (सातारा)

ताई, तीस वर्षं नोकरी केली, त्यावरून सांगतो, तुमच्या भाऊजींनी आणि त्या बायकांनी केलं ते फार मोलाचं. मोटारसायकल टाकून पळण्याइतका घाबरलेला चोर हत्यार काढतो. जखमी झालेले गावकरी मी पाहिलेत, त्यांत बहुतेक एकटे पुढे गेलेले.

कांदाचाळ, तुम्ही सदस्य आहात, म्हणून कायद्याचं थोडं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ४० प्रमाणे आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो. पण विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांकडे द्यावं लागतं. जुन्या कायद्यात तासांची मर्यादा लिहिलेली नव्हती, आता आहे. म्हणून पकडल्याची वेळ आणि ११२ ला फोन केल्याची वेळ कुणीतरी कागदावर लिहावी. सकाळपर्यंत चावडीत बसवून ठेवू, हा प्रकार नको.

तुटलेलं कुलूप, कटावणी, पिशवी यांना हात लावू नका. लोक कौतुकाने कटावणी हातोहात फिरवतात आणि ठसे जातात. दागिने सापडले तरी मुद्देमाल म्हणून जमा होतात, कोर्टातून परत मिळायला वेळ लागतो. पावती किंवा लग्नातला फोटो असेल तर ओळख पटवणं सोपं जातं. शेजारणीला हे सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटेल दागिने दुसऱ्यांदा गेले.

---

पालावरचा

मी भटक्या समाजातला. वडील गावोगाव भिक्षा मागून जगले, मी शिकून आता शिक्षक आहे. वरची हकिकत वाचताना बायकांच्या कड्यापाशी थांबलो आणि पुन्हा वाचली.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. आठवडे बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. ते भिक्षेकरी होते. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले, तिथेही चोर आल्याची अफवा होती. त्या वर्षांत माझे चुलते पाल टाकायच्या आधी पोलीस ठाण्यात जाऊन नाव नोंदवायचे आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात अडकवायचे.

कांदाचाळ दादा, तुम्ही निरोपाची व्यवस्था बसवाल तेव्हा ताईंच्या निरोपाकडे नीट बघा. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, ठिकाण सांगितलं, आणि डोळ्याने-कानाने जे कळलं तेवढंच सांगितलं. “अनोळखी माणसं फिरताहेत” असा निरोप तुमच्या गावातून जाऊ देऊ नका. अनोळखी माणूस म्हणजे बहुतेक वेळा माझ्या वडिलांसारखा कुणीतरी असतो.

---

कांदाचाळ

तिघांचेही मनापासून आभार. शिक्षक दादा, तुमचं लिहिणं रात्री आईला वाचून दाखवलं. आमच्याकडे दर वर्षी सुगीनंतर पालं पडतात. त्या लोकांचे नंबरही आम्ही यंत्रणेत नोंदवणार आहोत. ते उघड्यावर राहतात, रात्री त्यांनाच आधी चाहूल लागते. हे आजवर सुचलं कसं नाही याचं वाईट वाटतं.

काल चार जण मिळून मळे फिरलो. आमच्या वाटा सहा निघाल्या. ताई, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बाहेरून कडी घालण्यावर तुम्ही काही उपाय केला का? आणि गस्त पूर्ण बंद केली का?

---

कालव्याकाठची

कड्यांचं सांगते. आमच्या घरांना पुढच्या दाराबाहेर कडी होती ती कुलपासाठी. आता सहा घरांनी ती काढून दारातच बसणारं कुलूप लावलंय. ज्यांना ते परवडलं नाही त्यांनी कडीच्या कोयंड्यात रात्री उघडं कुलूप अडकवून ठेवायचं थांबवलं. चोर तेच दाबून टाकतात. शिवाय प्रत्येक घराने मागच्या बाजूची एक खिडकी अशी ठेवलीय की गज आतून सरकतो. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याला ती उपयोगाची नाही, म्हणून आमची एक किल्ली जाऊबाईंकडे असते.

गस्त रोजची बंद केली. ज्याची पाण्याची पाळी तो जागाच असतो, त्याचं नाव संध्याकाळी ग्रुपवर टाकतो. त्या रात्री काही वाटलं तर आधी त्याला फोन. लग्नसराईत ज्यांचं घर बंद असेल ते शेजारच्या दोन घरांना सांगून जातात, पत्रिकेवरची तारीख बघून आम्हीही विचारतो. आणि यात्रेत कमिटीच्या टेबलावर एक माणूस फोन हातात घेऊन बसतो, आवाज बंद, थरथर चालू. यंदा ती पाळी माझी होती. सहा वेळा थरथरला, सहाही वेळा आत्याबाईंनी विचारलं, जिलेबी घेतलीस का.