विषय: वाचनालयातील सामायिक संगणक – आपोआप रीस्टार्टबाबत

सप्रेम नमस्कार,
बैठकीत ठरल्याप्रमाणे वाचनालयातील सर्व संगणकांवर डीप फ्रीझ हे सॉफ्टवेअर बसवले आहे. मात्र ते संगणक पूर्वस्थितीला आणते ते केवळ रीस्टार्ट झाल्यावर. एक सभासद उठले आणि तसेच दुसरे येऊन बसले, तर आधीच्यांचा ईमेल उघडाच असतो आणि त्यांनी उतरवून घेतलेली पासपोर्टची प्रत डेस्कटॉपवर तशीच राहते. म्हणून दहा मिनिटे वापर न झाल्यास संगणक आपोआप रीस्टार्ट व्हावा, अशी व्यवस्था मी करणार आहे. हरकत असल्यास रविवारपूर्वी कळवावे.
– वाचनालय विभाग

---

नमस्कार ताई,
माझी स्पष्ट हरकत आहे. आमच्यासारखे ज्येष्ठ सभासद निवृत्तिवेतनाचे अर्ज भरताना कागद शोधतात, घरी फोन करून तपशील विचारतात. त्यात दहा मिनिटे सहज जातात आणि भरलेला सगळा अर्ज नाहीसा होईल. प्रत्येकाने ब्राउझरची खाजगी विंडो वापरावी, एवढी सूचना भिंतीवर लावली तर पुरेसे नाही का?
– एक ज्येष्ठ सभासद

---

काका, नमस्कार.
खाजगी विंडो पुरेशी नाही. ती बंद केल्यावर इतिहास आणि कुकीज जातात हे खरे, पण डाउनलोड केलेल्या फाइली तशाच राहतात, आणि विंडो बंदच केली नाही तर काहीच पुसले जात नाही. सामायिक संगणकाची सुरक्षितता बसणाऱ्याच्या आठवणीवर सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे.

याहून मोठी चिंता मला कीबोर्डची वाटते. कीबोर्डची वायर आणि यूएसबी पोर्ट यांच्यामध्ये बसवलेले छोटे कीलॉगर उपकरण प्रत्येक पासवर्ड टिपून ठेवते, आणि ते संगणकाबाहेर असल्यामुळे कितीही वेळा रीस्टार्ट केले तरी काही पुसले जात नाही. त्यामुळे संगणकाची मागची बाजू भिंतीकडे न ठेवता सर्वांना दिसेल अशी वळवावी. सर्व यूएसबी पोर्ट कुलूपबंद केल्यास अधिक चांगले. यूईएफआयला (संगणक चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला) पासवर्ड लावून पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होणेही बंद करावे.

शिवाय, डीप फ्रीझ चालू असताना बसवलेली विंडोजची अद्यतने पुढच्या रीस्टार्टला पुसली जातात. त्यांच्यासाठी आठवड्यातून एका रात्री संगणकावरील डीप फ्रीझ बंद ठेवावे लागेल. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा जुन्या संगणकाचाही निर्णय घ्यावा.
– तंत्र समिती

---

यूएसबी पोर्ट कुलूपबंद करण्यास वाचनालय विभागाची संमती नाही. रीस्टार्टनंतर काहीच उरणार नसल्यामुळे सभासदांना आपली फाइल नेण्यासाठी पेनड्राइव्ह हा सोपा मार्ग आहे. समोरचा एक पोर्ट मोकळा ठेवून मागचे झाकता येतील, आणि दररोज वाचनालय उघडताना कीबोर्डची जोडणी आमचे स्वयंसेवक तपासतील. प्रशासक खात्याचा पासवर्डही आमच्याकडेच राहावा, कारण दालनात आम्हीच उपस्थित असतो.

काकांसाठी मुदत वीस मिनिटांची करते आणि रीस्टार्टपूर्वी दोन मिनिटे पडद्यावर सूचना येईल असे पाहते. मात्र काम संपल्यावर प्रत्येकाने स्वतः रीस्टार्ट करूनच उठावे.
– वाचनालय विभाग

---

ताई, वीस मिनिटे आणि पूर्वसूचना मला मान्य आहे. सूचनेची अक्षरे मात्र मोठी असावीत. अर्ज अर्धवट असताना मुदत वाढवण्याचे बटण त्या सूचनेतच देता येईल का, हे तंत्र समितीने कृपया कळवावे.
– एक ज्येष्ठ सभासद