डुकराच्या किडनीवरून बी विंगच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सावंत काका, ४०४: हा मेसेज सकाळपासून तीन ग्रुपवर आला. "परदेशात डुकराचे अवयव माणसात. नवे रोग पसरणार, पुढची पिढी बिघडणार." खरं आहे का हे? अंगावर काटा आला वाचून.

हेमाबेन, ५०१: आमच्याकडे तर हे ऐकवतही नाही. एका जिवाला मारून दुसऱ्याला जगवायचं?

अनघा देशपांडे, २०३: काका, अवयव बसवतात हे खरं आहे. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला रिचर्ड स्लेमन यांना डुकराची किडनी बसवली. त्या डुकरात ६९ जनुकीय बदल केलेले होते. आपलं शरीर ज्या साखरेमुळे डुकराची पेशी परकी म्हणून ओळखतं आणि काही तासांत अवयव नासवतं, ती तयार करणारी तीन जनुकं बंद केली, माणसाची सात घातली. बाकीचे ५९ बदल डुकराच्या जनुकांतच दडलेले विषाणू निकामी करण्यासाठी. हे सगळं त्या किडनीच्या पेशींत राहतं, रुग्णाच्या मुलाबाळांत उतरत नाही. स्लेमन दोनेक महिन्यांनी गेले. किडनीमुळे गेल्याचं दिसत नाही, असं रुग्णालयाने सांगितलं.

रोगाची भीती मात्र खोटी नाही. २०२२ मध्ये मेरीलँडला डेव्हिड बेनेट यांना डुकराचं हृदय बसवलं, तेही दोन महिन्यांनी वारले. त्या हृदयात डुकराचा एक विषाणू सापडला, आधीच्या तपासणीत तो निसटला होता. माणसात रुळलेला विषाणू एका रुग्णापाशी थांबणार नाही, कोविडमध्ये आपण लिफ्टची बटणंसुद्धा पुसत होतो. म्हणून अशा रुग्णांवर जन्मभर लक्ष ठेवायचं आणि त्यांनी रक्तदान करायचं नाही, असं अमेरिकेतली नियमावली सांगते. ती सैल झाली तर मीच आधी ओरडेन.

सावंत काका: पण तुम्ही घ्याल का भाऊसाहेबांसाठी?

अनघा: घेईन. ह्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. डाव्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या, तिथे बोट ठेवलं की आत रक्ताची थरथर लागते. रोज सकाळी उठल्यावर आधी ती लागते ना बघतो. पाणी मापाच्या भांड्यातून. माझी किडनी द्यायची तयारी होती, पण मला शुगर आहे म्हणून डॉक्टरांनी नको सांगितलं. यादीत नाव आहे, फोनची वाट बघतोय.

हेमाबेन, तुमचं बोलणं मी टाळत नाही. त्या डुकराचा जीव जातोच, आणि फक्त त्यासाठीच त्याला वाढवलेलं असतं. पण डायलिसिसच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिनही बहुतेक डुकराच्या आतड्यातूनच काढतात.

हेमाबेन: सासूबाईंना दोन वर्षं डायलिसिस होतं. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. त्या नको म्हणाल्या असत्या. निदान विचारायला तरी हवं होतं.

अनघा: हवंच होतं.

नसीम भाभी, १०२: आमच्यात डुक्कर हरामच. पण दुसरा इलाज नसेल आणि जीव जात असेल तर मुभा आहे, असं बरेच उलेमा सांगतात. तरी माझ्या अब्बांनी घेतलं नसतं.

अथर्व, ३०२: मला विषाणूपेक्षा वेगळी भीती वाटते. इथे आलं की पहिला प्रयोग कोणावर? खासगी हॉस्पिटलच्या डिलक्स रूमवाल्यावर नक्कीच नाही.

अनघा: अथर्व, हे इथे होऊन गेलंय. १९९७ च्या जानेवारीत आसाममध्ये सोनापूरला डॉ. धनीराम बरुआंनी डुकराचं हृदय आणि फुप्फुसं एका तरुणाला बसवली. तो आठवडाभर जगला. बरुआंना अटक झाली. बोस्टनला निदान सरकारी परवानगी होती, डॉक्टरांचं पथक होतं, रुग्णाची सही होती.

ह्यांना आत्ताच सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, मिळाली तर घेईन, पण कागद मराठीत द्या, आणि नको म्हटलं तर माझा डायलिसिसचा स्लॉट जाता कामा नये.