डॉक्टरांच्या संघटना कोर्टात बोलतात, मग काउंटरवरच्या सहीचं काय?

पार्क चौक (धागा सुरू करणारी)

दोन लेकरांची आई, पाळी चुकली म्हणून सोलापुरातल्या एखाद्या खासगी दवाखान्यात जाते. 'हे नकोय' म्हणते. काउंटरवरची मुलगी मान वर न करता विचारते, "मिस्टर आलेत का? सही लागंल त्यांची." मिस्टर पुण्यात कामाला असोत, दारूत असोत नाहीतर सोडून गेलेले असोत, सही लागतेच. हे ऐकून घेतलेल्या बायका तुमच्याही घरात निघतील, विचारून बघा.

कायदा काय म्हणतो? वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. ज्या समितीच्या शिफारशीवरून तो आला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री होते. त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. मुलगी १८ च्या आत असेल किंवा बाई मानसिक आजारी असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. नवऱ्याची कुठेच लागत नाही.

म्हणजे अडवतो तो कायदा नव्हे, दवाखाना. आणि दवाखानेवाल्यांची संघटना आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांची फॉग्सी १९५० पासून आहे, गावोगाव तिच्या सभासद संस्था आहेत. जगभरच्या अशा संघटनांची शिखर संस्था फिगो म्हणते, गर्भपात फौजदारी कायद्यातून पूर्णपणे बाहेर काढा. अमेरिकेत गर्भपाताच्या हक्कावरच्या डॉब्स खटल्यात तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि इतर मोठ्या वैद्यकीय संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात लेखी म्हणणं दिलं की बंदी आणाल तर बायकांच्या जिवावर बेतेल. २०२२ ला निकाल विरुद्ध गेला, पण म्हणणं नोंदलं गेलं.

हे सगळं त्यांनी करावं, किंबहुना हे त्यांचं कामच आहे. रक्तस्राव होऊन आलेली बाई ज्यांच्या टेबलावर येते त्यांनी बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. दिल्लीत आणि जिनिव्हात बोलून झालं की आपल्याच सभासदांच्या काउंटरपर्यंत या की.

हिरज रोड

डॉक्टरने पेशंट तपासावा, औषध द्यावं. चळवळ करायला दुसरे आहेत. आणि महाराष्ट्राने या विषयात जरा जपूनच बोलावं. स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणं आठवा: परळी २०१२, म्हैसाळ २०१७. म्हैसाळला तर एकोणीस भ्रूण सापडले, तेही आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे राज्यात मुली होत्या ८९४. दार मोकळं केलं की आधी लेकी जातात, हे आपण बघितलंय. संघटनांच्या पत्रकांत हे आकडे शेवटच्या पानावर असतात.

पार्क चौक

लिंगतपासणी वेगळी आणि गर्भपात वेगळा. पहिली १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आपल्या राज्यात तर १९८८ पासून. दुसरा अटींमध्ये राहून कायदेशीर आहे. तिसरी मुलगी नको म्हणून सासू जिला ओढत नेते आणि जी स्वतःहून सहाव्या आठवड्यात येते, जेव्हा सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही, त्या दोघींना तुम्ही एकाच रांगेत उभं केलंत. आणि गंमत बघा, सासूने आणलेल्या सुनेकडे नवऱ्याची सही हमखास असते.

ओपीडी

मी इथेच प्रॅक्टिस करते, नाव सांगणार नाही. आणि हो, मी नवऱ्याची सही घेते.

कायदा मला पाठ आहे. प्रशिक्षणात हेच शिकवतात की बाईची संमती पुरे. पण आठ दिवसांनी नवरा चार माणसं घेऊन दवाखान्यात येतो तेव्हा कायद्याचं पुस्तक दाखवून उपयोग नसतो. काच माझी फुटते. पेपरात बातमी माझी येते, आणि बातमीत 'अवैध' हा शब्द आधीच छापलेला असतो. वरून लिंगतपासणी रोखायला भरायचा सोनोग्राफीचा एफ फॉर्म. रकाना राहिला तरी मशीन सील. अल्पवयीन मुलगी आली तर पोक्सो, म्हणजे बाललैंगिक अत्याचाराचा कायदा, पोलिसांना कळवणं बंधनकारक. सतरा वर्षांची, लग्न होऊन आलेली, आई हात जोडून बसलेली, 'बोभाटा नको मॅडम'. मी काय करायचं? कित्येक जणी सरळ 'सिव्हिलला जा' म्हणून मोकळ्या होतात. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे.

संघटनेने आधी आमच्या डोक्यावरची टांगती तलवार काढावी. डॉक्टर निर्भय झाला की बाईला सेवा आपोआप मिळेल.

कोर्टापुढे

मॅडमच्या भीतीचा कायदेशीर भाग तेवढा सोडवतो. काच फुटण्यावर माझ्याकडे इलाज नाही.

पंजाब-हरियाणाकडच्या एका नवऱ्याने अगदी हाच दावा लावला होता. बायकोने मला न विचारता गर्भपात केला, म्हणून बायको आणि डॉक्टर दोघांनी भरपाई द्यावी. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दावा उडवला, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याचं अपील फेटाळलं. म्हणजे सही नसल्यामुळे डॉक्टर अडकतो ही समजूत कोर्टाच्या पायरीवर टिकलेली नाही.

पोक्सोचं म्हणाल तर २९ सप्टेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ मिळेल, हे त्यातलं गाजलं. कमी गाजलेला भाग असा की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही. शिवाय गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने बाईचं नाव बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद ठेवली आहे. हा निकाल सोप्या मराठीत एका पानावर छापून प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक पोलिस ठाण्यात देणं हे काम वकिलांपेक्षा डॉक्टरांची संघटना चांगलं करील. फौजदारसाहेब डॉक्टरचं ऐकतात, आमचं नाही.

पार्क चौक

मॅडम, एफ फॉर्ममधली चूक गुन्हा धरू नका म्हणून फॉग्सी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, २०१९ ला हरली. जायलाच हवं होतं, सभासदांचा प्रश्न होता. तेवढाच जोर सहीसाठी लावा एवढंच म्हणणं आहे. 'आधी आम्हाला निर्भय करा, मग बघू' हे पन्नास वर्षं चालू राहील.

माढ्याचा मास्तर

मला सगळ्यांच्याच बोलण्यात एक गृहीतक खटकतं, की संघटना म्हणते म्हणजे ते शास्त्र. इतिहास काढा. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेच १८५९ मध्ये गर्भपाताविरुद्ध ठराव केला होता आणि राज्याराज्यांत कडक कायदे व्हावेत म्हणून डॉक्टर मंडळी झटली होती. त्यामागे सुईणींचा धंदा बंद पाडायचाही हेतू होता असं अभ्यासक सांगतात. तीच संघटना डॉब्समध्ये उलट बाजूला उभी. तेव्हाही पांढरा कोट होता, आताही आहे. मग आम्ही कुठल्या वर्षीचा कोट खरा धरायचा?

माझं मत सरळ आहे. पोटातल्या जिवाची बाजू मांडणारी संघटना नाही, कारण त्याला वर्गणी भरता येत नाही. आईच्या जिवाला धोका असेल तर मी एका शब्दाने अडवणार नाही. पण 'नकोय' एवढ्यावर मोकळीक द्या असं डॉक्टर म्हणू लागले तर ते वैद्यकशास्त्र सांगत नाहीत, नीतिशास्त्र सांगतात. आणि तिथे त्यांचं मत माझ्याइतकंच.

माहेर बेळगाव

मास्तर, 'आईच्या जिवाला धोका असेल तर' हे वाक्य आयर्लंडच्या कायद्यातही होतं. तिथे गॅलवे शहरातल्या दवाखान्यात आमच्या बेळगावची सविता हलप्पनवार २०१२ मध्ये गेली. वय ३१, स्वतः दातांची डॉक्टर. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे सगळ्यांना ठाऊक, पण ठोके चालू होते म्हणून थांबले. जंतुसंसर्ग अंगभर पसरला आणि ती गेली. धोका नेमका किती वाढला की हात लावायचा, हे कुणी ठरवायचं? कायद्याला घाबरलेल्या डॉक्टरने? २०१८ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी गर्भपातबंदीचं घटनेतलं कलमच काढून टाकलं, आणि तेव्हा तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष पीटर बॉयलन उघडपणे बदलाच्या बाजूने बोलत होते. डॉक्टरांनी राजकारण करू नये म्हणणाऱ्यांनी बेळगावात येऊन हे बोलून दाखवावं.

माढ्याचा मास्तर

सविताच्या बाबतीत डॉक्टरांनी केलं ते चूकच. माझ्या वाक्यात आणि तिच्या मरणात मात्र तुम्ही घाईने गाठ मारलीत. आपल्या कायद्यात जीव वाचवायला तातडीने गर्भपात करायचा झाला तर आठवड्यांची अट आडवी येत नाही. सोलापुरात गॅलवे झालेलं नाही.

पीएचसी सिस्टर

सोलापुरात गॅलवे होत नाही, मास्तर. सोलापुरात गोळी होते.

कुणाच्या तरी ओळखीने गर्भपाताच्या गोळ्यांचं किट येतं. किती आठवडे झालेत हे कुणी विचारत नाही. तिसऱ्या महिन्यात घेतलेल्या बाईला अंगावरून जायला लागतं ते थांबत नाही, मग ती आमच्याकडे. विड्या वळणाऱ्या, ऊसतोडीवरून आलेल्या, कारखान्याच्या फडात असताना घेतलेल्या. २०१५ साली देशात एक कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अंदाज लॅन्सेटच्या नियतकालिकात आला होता, त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांवर. आम्हाला तो वाचून आश्चर्य वाटलं नाही.

आता संघटनांबद्दल बोलते, कारण इथे कुणी ते काढलं नाही. २०१४ मध्ये सरकारच्या मसुद्यात होतं की प्रशिक्षण देऊन नर्स, एएनएम आणि आयुर्वेद-होमिओपॅथीच्या आयुषवाल्यांनाही सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात करू द्यावा. विरोध कुणी केला? डॉक्टरांच्या देशभरच्या संघटनेने, आयएमएने. २०२१ च्या दुरुस्तीत ते कलम आलंच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, प्रशिक्षित नर्स हे काम सुरक्षितपणे करू शकते. बाळंतपण मी करते, रात्री एकटी करते, ते चालतं. करमाळ्याच्या टोकाच्या गावात एमडी मॅडम येणार आहेत का राहायला?

केमिस्ट

सिस्टर, किट आम्ही ठेवत नाही हो. चिठ्ठीवर द्यायला परवानगी आहे, पण एक पट्टी विकली की एफडीएवाले वर्षभराच्या चिठ्ठ्या मागतात. दुकान बंद ठेवायचं का तेवढ्यासाठी? म्हणून जिच्याकडे चिठ्ठी आहे तिला मिळत नाही, आणि जिच्याकडे नाही तिला भलतीकडून मिळतं.

ओपीडी

सिस्टर, तुमचा राग समजतो. पण हिरज रोडनी वर काढलेला म्हैसाळचा तो इसम कोण होता? होमिओपॅथ. प्रशिक्षण देऊ, प्रमाणपत्र देऊ म्हणता म्हणता असे किती तयार होतील? आयएमएचा विरोध तुम्हाला धंद्याचा वाटतो. थोडा असेलही. पण गोळी देणं सोपं आहे, एखादी अर्धवट राहते, तिची पिशवी साफ कोण करणार, रक्त कोण चढवणार?

पीएचसी सिस्टर

त्याला प्रशिक्षणच मिळालं नव्हतं, मॅडम, आणि तो महिने मोजून सुरुवातीचा गर्भपात करत नव्हता. त्याच्यावरून माझं माप काढू नका. अर्धवट राहिलेलीला आताही १०८ बोलावून सिव्हिलला आम्हीच पाठवतो, फक्त आता ती चार दिवस उशिरा येते, कारण सांगायला घाबरते.

पार्क चौक

ओपीडी मॅडम, एक साधी गोष्ट विचारते. 'सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे' एवढा एक फलक तुमच्या संघटनेने शहरातल्या मान्यताप्राप्त केंद्रांत लावायचा ठरवला तर तुम्ही लावाल का? मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हीत.

ओपीडी

सगळ्यांनी लावला तर लावीन. एकटीने लावला तर सगळी गर्दी आणि सगळी भांडणं माझ्याच दारात येतील. बैठकीत विषय काढते. वकीलसाहेब, त्या २०१७ च्या आदेशाची प्रत असेल तर द्या, ती सोबत ठेवल्याशिवाय आमच्यातले ज्येष्ठ ऐकायचे नाहीत.

हिरज रोड

फलकावर लिंगतपासणी गुन्हा आहे हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा, मग माझी हरकत नाही.

कोर्टापुढे

तो फलक १९९४ च्या कायद्याने सोनोग्राफी केंद्रात आधीच सक्तीचा आहे. प्रत उद्या पाठवतो.