दसरा आला तरी पाषाणला बदकं नाहीत, मी लवकर जातोय का?

बावधनकर_नवशिका:
नमस्कार मंडळी, गेल्या थंडीत भिगवणला फ्लेमिंगो बघितले आणि तेव्हापासून नाद लागलाय. यंदा बायनॉक्युलर घेतलं आणि ठरवलं की दर रविवारी लांब गाडी पळवण्यापेक्षा घराजवळचीच एक जागा धरायची, म्हणून पाषाण तलाव. पण तिथे अजून टिबुकल्या, पाणकोंबड्या, पाणकावळे हेच, ते तर बाराही महिने असतात, वर जलपर्णी आहेच. स्थलांतरित येतात कधी नेमके? की सरळ नदीकाठच्या कवडीला जाऊ? आणि वेताळ टेकडीवर झाडांत सारखं काहीतरी टिचभर मातकट-हिरवं हलतं, कॅमेरा वर करेपर्यंत गायब, ते काय असेल?

मुठाकाठ:
बदकांची वाट बघत बसलात तर अर्धा सीझन हातचा गेला म्हणून समजा. थापट्या, तलवार बदक ही मंडळी साधारण दिवाळीच्या आसपास दिसायला लागतात, भुवई बदक तेवढं आधी टपकतं. आणि आत्ता पाऊस संपतोय, तलाव काठोकाठ, मग तुताऱ्यांना, म्हणजे काठच्या चिखलात खाणं शोधणाऱ्या त्या बारक्या पक्ष्यांना, चालायला चिखल कुठाय? पाणी उतरू द्या. कवडीला नदीतल्या खडकांवर त्या मिळतील, पण त्यासाठी जागा बदलू नका, रामनदी तलावात येते त्या बाजूला बघा. करडा धोबी ऑगस्ट-सप्टेंबरातच हिमालयातून खाली आलेला असतो, पोट पिवळं, शेपटी सतत वरखाली. मोठा काळापांढरा धोबी मात्र पाहुण्यात धरू नका हां, तो इथलाच.

सकाळी_सहाला_टेकडी:
ते हलणारं म्हणजे वटवट्या, यात सगळेच रडतात 😄 दादा, फोटोचा नाद सोडा आणि कान लावा. वर पानांत फिरत असेल, अंगावर हिरवट झाक, पंखावर एक बारीक फिकट पट्टी आणि ‘चि-स्वी’ असं दोन तुकड्यांत ओरडत असेल तर हिरवा वटवट्या. खाली झुडपात, सगळा साधा तपकिरी, पट्टीबिट्टी काही नाही, आणि ‘टक... टक’ करत असेल तर ब्लिथचा बोरू वटवट्या. दोघंही उत्तरेतून येऊन हिवाळाभर इकडेच राहतात, त्यामुळे आज निसटला तर उद्या परत भेटेल, घाई नाही. फक्त साडेआठच्या आत जा, नंतर टेकडीवर माणसं, कुत्री आणि ब्लूटूथ स्पीकरवाले काका.

माळरान_पुणे:
सगळे येणाऱ्यांचंच बोलताय, जाणारेही बघा की. चातक पावसाबरोबर आला तो आता आफ्रिकेकडे परत निघतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची पिल्लं दिसतात तीही एकेकटी निघतात, रस्ता दाखवायला कुणी नाही, मला तर हे भिगवणच्या फ्लेमिंगोंपेक्षा भारी वाटतं. सासवडकडच्या माळावर गेलात तर तारेवरचा नीलपंख नीट बघा, आपल्या नेहमीच्याची छाती तपकिरी असते, डोकं-छाती-पोट सगळं फिकट निळं असेल तर तो ‘युरोपियन’ नावाचा नीलपंख, आफ्रिकेला जाताना वाटेत थांबलेला. थोडेच दिवस असतो.

बावधनकर_नवशिका:
धन्यवाद सगळ्यांना! आज गेलो होतो, टक टक ऐकली, पक्षी नाही दिसला पण लिस्टमध्ये टाकू का? आणि मोबाईलवर त्याचा आवाज लावला तर बाहेर येईल का?

सकाळी_सहाला_टेकडी:
ओळख पक्की असेल तर ऐकलेला पण टाकता येतो ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या साइटवर. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपनं नाव दाखवलं म्हणून मात्र डोळे झाकून टाकू नका, स्वतः ऐकून जुळवा. आवाज लावू नका प्लीज, एवढं उडून आलाय, खाऊ द्या त्याला. त्याच झाडाखाली पंधरा मिनिटं गप्प उभे राहा. ‘टर्रर्र’ असं ऐकू आलं आणि शेपटी उंच करणारा, शेपटीच्या कडेला पांढरं असलेला बारका पक्षी दिसला तर तो माशीमार, त्याचं इथे वेगळं विचारा, त्यात दोन भावंडं आहेत आणि त्यावर आमची दरवर्षी भांडणं होतात.