सोलापुरात नेमके कुठले कुठले लोक राहतात?

बदली होऊन आलोय, बाजारात अर्धे लोक तेलुगू बोलतात, हे कसं काय?

– अहो पूर्व भागात फिरलात वाटतं, तिथं पद्मशाली समाज, तेलंगणातून विणकामासाठी आलेला, १८७७ ला ‘जुनी मिल’ नावाची कापड गिरणी निघाली मग सूतगिरण्या, हातमाग, चादरी, बिड्या वळणाऱ्या बायका, घरात तेलुगू आणि बाहेर झकास मराठी. नारळी पौर्णिमेला त्यांच्या मार्कंडेय ऋषींचा रथ बघाच!

– कन्नडवाले विसरलात का राव? लिंगायत समाज मोठाय, सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा संक्रांतीला. उर्दू बोलणारे मुस्लिमपण भरपूर.

– २०११ ला शहर साडेनऊ लाखांचं होतं. त्या जनगणनेत भाषा, धर्म मिळतो, जातीचं फक्त एससी, एसटी. बाकी जातींची टक्केवारी सांगणारे नुसते ठोकून देतात.