प्लाझ्मा सीव्हीडीत (वायूपासून थर वाढवण्याची पद्धत) उभ्या कार्बन नॅनोनळ्या येत नाहीत, नुसती काजळी बसते

रेशीमबाग_लॅब: डीसी प्लाझ्मा, नागपूर. नुसत्या सिलिकॉन वेफरवर ७ नॅनोमीटर निकेल. तापमान ७०० अंश, दाब ५ मिलिबार, कॅथोड उणे ६०० व्होल्ट. अॅसिटिलीन १००, अमोनिया २०० एससीसीएम (वायूच्या प्रवाहाचं एकक, मिनिटाला घन सेंमी), वेळ १५ मिनिटं. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) कार्बन नळ्यांऐवजी ओबडधोबड थर दिसतो. पावसाळा लागल्यापासून तर दोन रन सारखे येत नाहीत. सुरुवात कुठून करू?

निकेल_ठिपका: गॅसला हात लावण्याआधी निकेल बघा. ७०० अंशांवर निकेल सिलिकॉनमध्ये शिरून सिलिसाइड बनतं, मग उत्प्रेरक उरतच नाही. मध्ये ऑक्साइड किंवा टायटॅनियम नायट्राइडचा २० ते ५० नॅनोमीटर थर हवाच. ऑक्साइड जाड नको, डीसीत त्यावर चार्ज साठून ठिणग्या उडतात. एक तुकडा फक्त अमोनियात तापवून, अॅसिटिलीन न सोडता बाहेर काढा. एसईएममध्ये सुटे ठिपके दिसले तर निकेल ठीक. सलग थर दिसला तर पुढचा रन वाया.

मग अॅसिटिलीन ५० वर आणा. तुमच्या मिश्रणात ते एक तृतीयांश आहे. जमणारा अस्फटिक कार्बन, म्हणजे ती काजळी, खरवडून काढायला अमोनिया पुरत नाही. आधी प्लाझ्मा पेटवा, लगेच अॅसिटिलीन सोडा. थांबवताना आधी अॅसिटिलीन बंद.

निर्वात_नागपूर: पावसाळ्याचं कारण बहुतेक चिलर (चेंबरच्या भिंतींतून थंड पाणी फिरवणारं यंत्र). पाणी १८ अंशांवर आणि खोलीतला दवबिंदू २३-२४, म्हणजे चेंबर उघडताच भिंतींना घाम फुटतो. काजळीचा थर असेल तर तो ओल आणखी धरून ठेवतो. उघडण्याआधी पाणी २८-३० अंशांवर न्या, चेंबर कोरड्या नायट्रोजनने भरा. नंतर पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दाब बघत राहा: सरळ रेषेत चढला तर गळती, चढून मंदावला तर ओल.

रेशीमबाग_लॅब: गॅसची नळी तांब्याची आहे. चालेल?

निकेल_ठिपका: अजिबात नाही, आजच काढा! अॅसिटिलीन आणि तांब्याचं अॅसिटिलाइड बनतं, ते धक्क्यानेही फुटतं. अमोनियाही तांबं खातो. स्टेनलेस स्टीलच वापरा. सिलिंडरमध्ये अॅसिटिलीन अॅसिटोनमध्ये विरघळलेलं असतं; दाब उतरला की अॅसिटोनची वाफ जास्त येते, म्हणून तळ गाठेपर्यंत वापरू नका. सिलिंडर कायम उभा.