शब्दचर्चा : गेम अवघड की जाचक?

मूळ प्रश्न, फोंड्याहून

व्हिडिओ गेमवर मराठीत लिहिताना मी एका ठिकाणी दरवेळी अडते. खेळ अवघड आहे हे सांगता येतं, कंटाळवाणा आहे हेही सांगता येतं. पण गेमचा एखादा नियमच असा असतो, की खेळणाऱ्याची काही चूक नसताना तो त्याला छळतो. तिथे आपण सगळे ‘फ्रस्ट्रेटिंग’ म्हणून मोकळे होतो. आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकात मी गेमची परीक्षणं लिहिते. वाचतात ती शाळा-कॉलेजातली मुलं आणि त्यांचे आईवडील. ‘फ्रस्ट्रेटिंग’ वाचून आईवडिलांना एवढंच कळतं की पोरगं चिडतं. का चिडतं आणि त्याचं चिडणं रास्त आहे का, हे त्या शब्दातून कळत नाही.

कोशातले प्रतिशब्द कामाचे वाटत नाहीत. ‘निराशाजनक’ म्हणजे अपेक्षाभंग करणारं. गेम फुसका निघाला तर तो शब्द ठीक. ‘वैफल्य’ला उभ्या आयुष्याच्या अपयशाचं वजन आहे. ‘वैताग’ सगळ्यांच्या तोंडी आहे, पण वैताग मला येतो, ते माझ्या मनःस्थितीचं नाव झालं. मला नाव हवंय ते नियमातल्या दोषाला.

माझा कल ‘जाच’ आणि ‘जाचक’ यांच्याकडे आहे. ‘जाचक अटी’ हा प्रयोग आपण कर्जाच्या, भाडेकराराच्या, निविदेच्या संदर्भात रोज वाचतो. अट जाचक आहे म्हटलं की ती पाळणारा कच्चा आहे असं कुणाच्या मनात येत नाही, खोट अटीतच आहे असं समजतं. गेमच्या बाबतीत नेमकं हेच म्हणायचं असतं.

उदाहरण देते. ‘झेल्डा’ मालिकेतला 1998चा ‘ओकारिना ऑफ टाइम’ हा फार मोठा गेम, पण त्यातलं पाण्याचं मंदिर बदनाम आहे. तिथे तळाशी जायला लोखंडी बूट घालावे लागतात आणि वर यायला काढावे लागतात. बूट घालायचे म्हणजे खेळ थांबवा, यादी उघडा, बुटांचं पान शोधा, बूट निवडा, यादी बंद करा. काढायचे म्हणजे पुन्हा तेच सगळं. मंदिरातली पाण्याची पातळी तीन उंचींवर बदलत राहते, म्हणून ही उठाठेव संपतच नाही. 2011 साली हाच गेम थ्रीडीएसवर, म्हणजे निंटेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, आला तेव्हा बूट थेट एका बटणाला जोडता येऊ लागले. मंदिराचं कोडं तेच राहिलं, खोल्या त्याच राहिल्या, गेला तो फक्त बुटांचा त्रास. म्हणजे कोडं अवघड होतं आणि बूट जाचक होते, हे दोन वेगळे दोष-गुण आहेत. मराठीत ते वेगळे दिसावेत एवढीच माझी इच्छा आहे.

‘जाचक’ बरोबर वाटतो का? यापेक्षा नेमका शब्द कुणाच्या घरात, गावात आहे का?

प्रतिसाद, म्हापशाहून

ताई, ‘जाचक’ पटला, पण बुटांसाठी नाही. बुटांची ती ‘कटकट’. कटकट म्हणजे लहानसाच त्रास, पण सारखा. जाच त्याहून मोठा, त्यात आपण अडकलेले असतो आणि सुटकेचा मार्ग दुसऱ्याच्या हातात असतो.

जाच कशाला म्हणायचं ते सांगतो. ‘व्हाइस सिटी’ (2002) आमच्या पिढीतल्या सगळ्यांनी सायबर कॅफेत खेळलाय. त्यातलं खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन आठवा. बांधकाम चाललेल्या इमारतीत रिमोटवरचं हेलिकॉप्टर घुसवायचं आणि एकेक करून चार बॉम्ब ठरलेल्या मजल्यांवर नेऊन ठेवायचे. वर घड्याळ चालू. कामगार हेलिकॉप्टरला बडवायला धावतात, पंखा खांबाला घासला तरी नुकसान होतं. चौथा बॉम्ब उचलून जिन्याच्या पोकळीतून वर चढताना शेपूट भिंतीला लागते, हेलिकॉप्टर फिरतं, खाली कोसळतं, आणि मिशन फसलं. मग पहिल्या बॉम्बपासून सुरुवात. मधे कुठेही सेव्ह नाही, म्हणजे झालं तिथपर्यंतचं जतन करून ठेवायची सोय नाही. आणि यातलं खरं दुखणं असं की त्याआधीच्या सगळ्या गेममध्ये आपण गाडी चालवायला आणि बंदूक धरायला शिकलेलो असतो. हेलिकॉप्टर उडवायला गेमने कधी शिकवलेलंच नसतं. न शिकवलेल्या विषयाची परीक्षा घेणं, आणि तीही पुढची काही मिशनं अडवून, हा माझ्या मते जाच. कॅफेत तासाचे पैसे भरून बसलेल्या मुलाला तर तो दुप्पट.

प्रतिसाद, पेडण्याहून

आमच्याकडे घरात ‘वाज’ म्हणतात. ‘वाज इलो माका.’ कोकणीतही आहे आणि मराठीत ‘वाज आणणे’ हा वाक्प्रचार जुन्या पुस्तकांत सापडतो. पण वाज एकाच गोष्टीच्या अतिरेकाने येतो. एक तलवार मिळवायला तेच रानडुक्कर शंभरदा मारायचं, त्याला वाज. त्या प्रकाराला इंग्रजीत ‘ग्राइंड’ म्हणतात आणि त्यासाठी आपल्याकडे ‘दळण’ तयार आहे. तेच ते दळण दळणं हा अर्थ भाषेत आधीपासून आहे, नवा घडवायची गरज नाही.

प्रतिसाद, मडगावहून

वरच्या दादांचं ‘दळण’ फारच चपखल. मी असे आणखी काही शब्द सुचवतो, कारण मला वाटतं एकाच शब्दात सगळं कोंबण्यापेक्षा त्रासाच्या प्रत्येक जातीला आपलं नाव द्यावं. मराठीत ती नावं पडून आहेत.

बॉसकडून, म्हणजे टप्प्याच्या शेवटी वाट अडवणाऱ्या मोठ्या शत्रूकडून, मेल्यावर दूरवरून पुन्हा त्याच्यापर्यंत चालत जावं लागतं, तो ‘हेलपाटा’. ‘डार्क सोल्स’ (2011) मध्ये शेकोटीपासून (मेल्यावर आपण तिथेच परत येतो) काही बॉसपर्यंतचे हेलपाटे लढाईपेक्षा लांब आहेत. त्याच कंपनीने 2022च्या ‘एल्डन रिंग’मध्ये बऱ्याच मोठ्या लढायांच्या तोंडाशीच पुन्हा उभं राहायची सोय दिली. त्याने गेम सोपा झाला असं कुणी म्हणू शकणार नाही. बॉस पहिल्याइतकेच निर्दय आहेत, वेळ मात्र त्यांच्याशी लढण्यात जातो. ताईंनी सुरुवातीला केलेला अवघड आणि जाचक हा भेद इथे एकाच कंपनीच्या दोन गेममध्ये दिसतो.

ज्या पात्राला सांभाळत न्यायचं असतं ते ‘लोढणं’. ‘गोल्डनआय’ (1997) मध्ये नतालिया संगणकापुढे उभी राहून काम करते आणि गोळीबारातून तिला वाचवायचं आपण. लोढण्याची सर्वात वाईट जात म्हणजे आपल्या चालण्यापेक्षा जलद आणि धावण्यापेक्षा हळू चालणारं पात्र. चाललं की मागे पडतो, धावलं की पुढे जातो. बोलणं ऐकायचं तर दर चार पावलांनी थांबावं लागतं. याचा उपाय अगदी साधा आहे. ‘रेड डेड रिडेम्प्शन’ (2010) मध्ये सोबतच्या स्वाराजवळ बटण दाबून धरलं की आपला घोडा त्याच्या वेगाने चालतो. हे दिसत असूनही नंतरच्या कितीतरी गेमनी ते केलं नाही, याचा मला राग आहे.

न टाळता येणाऱ्या लांबलचक दृश्यांना ‘नमनाला घडाभर तेल’. ‘फायनल फँटसी टेन’ (2001) मध्ये बॉसकडून हरलं की आधीचं दृश्य पुन्हा पूर्ण पाहावं लागतं. पहिल्यांदा पाहताना गहिवरून येतं. पाचव्यांदा पाहताना त्याच संवादांचा तिटकारा येतो, आणि गोष्ट लिहिणाऱ्यावर हा अन्याय आहे.

प्रतिसाद, डिचोलीहून

शर्यतीच्या गेमबद्दल कुणी बोललं नाही. आपण कितीही चांगली गाडी हाकली तरी मागच्या गाड्या अचानक वेग वाढवून चिकटतात, आणि आपण मागे पडलो की त्याच गाड्या मंदावतात. याला ‘रडीचा डाव’ म्हणावं का?

प्रतिसाद, मडगावहून

मला नाही पटत. रडीचा डाव हरणारा खेळतो, रडून, नियम बदलून. इथे यंत्र स्वतःसाठी रडत नाही, चुरस टिकावी म्हणून हे केलेलं असतं. ‘मारिओ कार्ट’मध्ये 1996पासून निळं कवच आहे, मागे पडलेल्याला मिळतं आणि पहिल्या नंबरवाल्याला शोधून आदळतं. घरात लहान भावंडं खेळायला बसली की त्यामुळेच धाकटी शेवटपर्यंत बसून राहतात. हा नियम उघड आहे, सगळ्यांना लागू आहे. ज्या शर्यतीत गाड्यांचा वेग लपून वाढवला जातो तिथे ‘लबाडी’ म्हणावं. उघड असेल तर ‘सवलत’.

प्रतिसाद, डिचोलीहून

‘लबाडी’ चालेल. उघड आणि लपलेलं हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

प्रतिसाद, वाळपईहून

सेव्हबद्दल लिहायलाच हवं. आमच्या भागात जून लागला, सोसाट्याचा वारा आणि पाऊस सुरू झाला की लाइट कधी जाईल सांगता येत नाही. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो पंखा-दिव्यापुरता. ठरलेल्या जागीच सेव्ह करू देणारा गेम म्हणजे दीड तासाची मेहनत एका क्षणात पाण्यात. तो नियम लिहिणाऱ्याने अखंड वीज गृहीत धरलेली आहे.

याची दुसरी बाजूही मांडते. पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हल’मध्ये (1996) टाइपरायटरवर सेव्ह करायचं आणि त्यासाठी शाईची रिबन खर्चायची, रिबनी मोजक्याच. सेव्ह आता करू की अजून एक खोली पाहून, या विचाराने जी धास्ती बसते ती त्या गेमचा प्राण आहे. तिला मी जाच म्हणणार नाही. पण ‘थांबवून बाहेर पडा, परत आल्यावर तिथूनच चालू करा’ अशी एकदाच वापरता येणारी सोय दिली तर धास्तीही राहते आणि माणसाला जेवायला उठता येतं. बऱ्याच गेमनी ती दिलीय. म्हणून माझ्यापुरता निकष असा: नियम काढला तर गेमचं काय जातं? काहीच जात नसेल तर नियम जाचक. गेमचा जीवच जात असेल तर तो नुसता कठोर.

प्रतिसाद, पणजीहून

वाळपईच्या ताईंचा निकष मला फार आवडला. तो ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ला (2017) लावून पाहा. त्यात शस्त्रं मोडतात. चांगली तलवार हाती लागते आणि थोड्या लढायांत तुटून पडते. लोक त्यावर अजून भांडतात. माझ्या मते हा कठोर नियम आहे, जाचक नाही. शस्त्र मोडतं म्हणूनच आपण शत्रूच्या हातातली काठी हिसकावतो, उतारावरून धोंडा ढकलतो, गवताला आग लावतो. शस्त्र टिकलं असतं तर एकाच तलवारीने सगळा गेम उरकला असता.

उलट ‘स्कायरिम’मधली (2011) ओझ्याची मर्यादा पाहा. ओझं मर्यादेपलीकडे गेलं की धावता येत नाही, नकाशावरून थेट दुसऱ्या जागी पोचवणारा झटपट प्रवासही बंद. मग गुहेच्या तोंडाशी उभं राहून कुठली ढाल टाकू नि कुठला टोप ठेवू हा हिशोब. मोजकंच सामान घेऊन प्रवास करण्याची मजा त्यातून येत नाही, नुसता खोळंबा होतो.

मूळ प्रश्नकर्ती, फोंड्याहून

‘कठोर’ हा शब्द मला सुचला नव्हता. तो हवाच होता. ‘अवघड’ कौशल्याबद्दल, ‘कठोर’ नियमाबद्दल, आणि नियम फुकटचा छळत असेल तर ‘जाचक’. तिन्ही शब्द आईवडिलांना न सांगता कळतील.

मोबाइलवरच्या गेमचं काय करायचं? माझ्या वाचकांपैकी बहुतेक मुलं तिथेच खेळतात. ‘कँडी क्रश’मध्ये (2012) पाच जीव मिळतात, संपले की एक जीव भरायला अर्धा तास लागतो. थांबा, नाहीतर पैसे द्या. इथे वाळपईच्या ताईंचा निकष लावला तर नियम काढून गेमचं काहीच जात नाही, जातं ते विकणाऱ्याचं.

प्रतिसाद, म्हापशाहून

ते ‘ताटकळवणं’. आणि तिथे ‘जाच’ शब्द पूर्ण अर्थाने लागतो, कारण त्रास चुकून झालेला नाही, मोजून-मापून ठेवलेला आहे. बुटांची कटकट रचनाकाराच्या नजरेतून सुटली असेल. अर्ध्या तासाचं घड्याळ कुणीतरी बसून ठरवलंय.

पैसे देऊन उघडायच्या बंद पेट्यांनाही सौम्य शब्द वापरू नये असं माझं मत आहे. आत काय निघेल ते नशिबावर. नुसत्या नशिबाच्या भागाला सोंगट्यांमधला ‘दान’ हा शब्द छान आहे. दान पडलं, नाही पडलं. पण दानासाठी पैसे लावले की तो जुगार. बेल्जियमने 2018 साली काही गेममधल्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर काय चालतं हे गोव्यात लहान मुलालाही माहीत आहे, त्यामुळे परीक्षणात ‘जुगार’ लिहिलंत तर इथल्या आईवडिलांना एका शब्दात कळेल.

प्रतिसाद, पेडण्याहून

एक शंका. मुद्दाम छळायलाच केलेले गेम असतात, त्यांना काय म्हणायचं? ‘गेटिंग ओव्हर इट’ (2017) मध्ये कढईत बसलेला माणूस हातोड्याने डोंगर चढतो आणि एक चूक झाली की पार खाली. माझा भाचा तो रोज खेळतो आणि रोज ओरडतो, पण सोडत नाही.

प्रतिसाद, वाळपईहून

घसरण काढली तर त्या गेममध्ये उरतं काय? म्हणून कठोर. आणि भाच्याला कुणी अडकवून ठेवलेलं नाही, खेळताना मधेच पैसे मागितलेले नाहीत, पहिल्याच मिनिटाला काय होणार ते दाखवलंय. ओरडू दे त्याला.

मूळ प्रश्नकर्ती, फोंड्याहून

पुढच्या अंकापासून परीक्षणात ‘फ्रस्ट्रेटिंग’ बंद. कटकट, दळण, हेलपाटा, लोढणं, ताटकळवणं ही नावं जशीच्या तशी घेते. ‘सेव्ह’, ‘बॉस’, ‘लेव्हल’ तसेच ठेवणार, ते मुलांच्या तोंडी रुळलेत. एक जागा अजून रिकामी आहे. पडदा पाहत निवांत बसलेलो असताना अचानक बटण दाबायला सांगतात आणि क्षणभर उशीर झाला की पात्र मरतं. ‘बेसावध गाठणं’ लिहून पाहिलं, वाक्यात लांब पडतं. कुणाकडे एका शब्दाचं काही असेल तर जरूर कळवा.